धोट्याच्या लाकडाची मूठ

नलूआत्याला एक सवय होती. कुणी पुरुषमाणूस समोर येऊन बसला की ती आधी त्याची हनुवटी बघायची. गिरगावातल्या मुलींच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची, त्यामुळे पाहुण्याला वाटे, बाई चेहऱ्याची ठेवण न्याहाळताहेत. मग ती शांतपणे सांगायची, "डाव्या जबड्याखाली थोडी राहिलीय तुमची." बिचारा गोरामोरा व्हायचा. आम्हा घरच्यांना त्याचं काही वाटत नसे. स्वतःच्या वडिलांची दाढी ती कितीतरी महिने करत होती, तेव्हा तिला तेवढा हक्क होताच.

तिचे वडील म्हणजे माझे आजोबा, मनमोहन धैर्यवान. आम्ही पाठारे प्रभू. ठाकुरद्वारच्या एका गल्लीत आमचं दुमजली घर. आजोबा माझगावला गोदीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त झाल्यावरही ते रोज सकाळी कचेरी गाठायची असल्यासारखी दाढी करायचे. त्यांचा सेफ्टी रेझर तरुणपणी फोर्टातून घेतलेला, सोन्याचं पाणी दिलेला. वर वाकलेली टोपी, तिच्याखाली दातेरी पट्टी आणि खाली मूठ. टोपी आणि पट्टीच्या मधे पातं धरायचं आणि मूठ पिळून सगळं आवळायचं. दाढी झाली की आजोबा सगळे भाग सुटे करून पुसायचे आणि निळ्या मखमलीच्या डबीत निजवायचे. त्या डबीला दुसऱ्या कुणी हात लावू नये असा काही नियम नव्हता, पण कुणी लावत नसे.

माझे बाबा तेव्हा नोकरीमुळे नागपूरला होते. ठाकुरद्वारच्या घरात आजोबा, आजी राजलक्ष्मी आणि नलूआत्या अशी तिघंच. आत्या पस्तिशीला आलेली. तिच्या लग्नाची बोलणी एकदोनदा होऊन फिसकटली होती आणि मग तो विषय काढणंच सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर आजोबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळे पडले, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, त्यांना बोलतं ठेवा. पण आजोबा एक शब्द काढायला इतका वेळ घेत की ऐकणाऱ्याचाच धीर सुटे. "पा..." म्हटलं की आजी पाणी आणी, "खि..." म्हटलं की आत्या खिडकी लावी. पुढे पुढे आजोबांनी तेवढंही बोलणं सोडून दिलं.

दाढी करायला वाडीतला जुना न्हावी रघु येऊ लागला. त्याचा हात हलका, पण तो वस्तऱ्याने करायचा. वस्तरा गळ्याशी आला की आजोबा मान झटकायचे. "बाई, मला भ्या वाटतं," रघु आजीला म्हणाला, "एखाद दिवशी लागायचं." तेवढ्यात जानेवारी उजाडला आणि मुंबई पेटली. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. रघु राहायचा भायखळ्याला. त्याला येता येईना. आजोबांची दाढी वाढली, पांढरी आणि विस्कटलेली. आजीने समोर आरसा धरला तर त्यांनी डाव्या हाताने तो पालथा केला. गोदीतले एक जुने स्नेही भेटायला आले तेव्हा डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं.

त्या दिवशी नलूआत्याने कपाटातली निळी डबी काढली. वडिलांना ती भाई म्हणायची.

"भाई, मी करते तुमची दाढी."

आजोबांनी मान हलवली. नाही.

"मला टायफॉईड झाला तेव्हा तुम्ही माझी वेणी घालत होता. वाकडी घालत होता, तरी मी काही म्हटलं होतं का?"

आजोबांनी तिच्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. आत्याने तो होकार धरला.

पहिली दाढी वाईट झाली. रेझरची मूठ आखूड आणि बारीक. स्वतःची दाढी करणाऱ्याला ती पुरते. पण समोर उभं राहून दुसऱ्याची करायला गेलं की आपल्याच बोटांची पेरं त्याच्या हनुवटीवर आपटतात, मनगट वाकडं होतं, साबणाने मूठ निसटते. कानाखाली कापलंच. आजोबांनी हूं की चूं केलं नाही. आत्या घाबरली आणि पातं हलू नये म्हणून तिने मूठ जोर लावून आवळली. मुठीच्या तोंडाशी केसाएवढी जुनी चीर होती, ती तिथून उभी फाटली आणि मुठीचे दोन तुकडे झाले. आजोबांनी ते तुकडे मागून घेतले. एका हाताने ते मांडीवर जुळवून बघू लागले. ते जुळत नव्हते आणि आजोबा सोडत नव्हते. आत्या म्हणायची, "ते बोलले असते ना मला, तर बरं वाटलं असतं."

गिरगावातल्या दुकानांत तिने विचारलं. सगळे म्हणाले, नवा घ्या. नवा आणला तर आजोबांनी तो बाजूला सारला. नव्याची मूठ जुन्या टोपीला लावावी तर आटे जुळेनात. शेवटी शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, "आमच्या मशिनचा तुटलेला भाग चिंचपोकळीच्या एका टर्नरने घडवून दिला होता. लवू घाडी नाव. दिवसा गिरणीत असतो, संध्याकाळी स्टेशनजवळच्या कारखान्यात लेथवर."

कर्फ्यू उठल्यावर आत्या ट्रामने लालबागला उतरली आणि विचारत विचारत चिंचपोकळीला गेली. पत्र्याची शेड, आत एकच लेथ, आणि लेथवर वाकलेला एक सावळा, उंच माणूस.

"लवू घाडी कुठे भेटतील?"

"मीच. काय मोडलं?"

आत्याने मुठीचे तुकडे, टोपी आणि पट्टी पुढे ठेवली. सोबत तिने जुन्या मुठीचं मापात काढलेलं चित्रही आणलं होतं. लवूने ते उजेडात धरलं.

"चित्र फक्कड आहे. वापरणार कोण?"

"माझे वडील. म्हणजे दाढी त्यांची. त्यांचा हात चालत नाही. मी करते."

लवूने लेथ बंद केला. "मग ही मूठ त्यांच्या हाताची कशाला? तुमच्या हाताची पाहिजे."

आत्याला हे सुचलंच नव्हतं. तिने कागद उलटा केला आणि तिथेच उभ्या उभ्या दुसरं चित्र काढलं. लांब मूठ, म्हणजे बोटं हनुवटीपासून दूर राहतील. मधे फुगीर, म्हणजे निसटणार नाही. लवू म्हणाला, इतकी लांब केली तर टोक डगमगेल. ती म्हणाली, ब्रश याहून लांब असतो आणि चित्रात मी त्याने पापणीचा केस काढते. मग लवूने एक दांडी तिच्या हातात दिली आणि हवेत दाढी करून दाखवायला सांगितलं. शेडच्या दाराशी उभे असलेले दोघेतिघे हसायला लागले. आत्याने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ती हवेत दाढी करत राहिली आणि लवू तिची बोटं कुठे पडतात ते दांडीवर खडूने खुणावत राहिला.

आटे मात्र विलायती निघाले. लवूकडचं आटे पाडायचं एकही हत्यार त्यांना लागू पडेना, तेव्हा त्याने आधी ते हत्यारच घडवलं. मग मूठ केली, भरीव पितळेची, आरशासारखी. दिसायला देखणी, पण ओल्या हातात ती साबणाच्या वडीसारखी सटकली आणि घंगाळात घणकन आपटली. आत्या ती घेऊन पुन्हा चिंचपोकळीला.

"चुकलंच माझं," लवू म्हणाला. "शोभेला केली. लाकडाची करूया."

"रोज पाण्यात? फुटेल."

"धोट्याचं नाही फुटत. मागावर धोटा दिवसभर इकडून तिकडे आपटत असतो बाई, सूत घेऊन. लोखंडाला भारी असतं ते लाकूड, आणि वर्षानुवर्षं तेल प्यालेलं. झिजलेले धोटे गिरणी भंगारात काढते. आमच्या लालबागला लोक चुलीत घालतात."

भंगारवाल्याकडून आणलेल्या एका धोट्याची मूठ त्याने कातली. टोकाशी आत पितळेची नळी बसवली आणि आटे त्या नळीत पाडले. रंग जुन्या चिंचोक्यासारखा. हातात धरली की गार लागत नसे.

या वेळी आत्याने आधी सराव करायचं ठरवलं. बाजारातून तिने कोवळा दुधी आणला. कोवळ्या दुधीवर बारीक लव असते. तिने त्याला साबणाचा फेस लावला, खुर्चीत टेकवून बसवला आणि ती उतरवायला लागली. आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच थांबली.

"आता ह्याची मी भाजी करू, की ह्याला पावडर लावून हळदीकुंकवाला पाठवू?"

पलीकडच्या खोलीत आजोबांनी हे ऐकलं. झटका आल्यानंतर ते पहिल्यांदा हसले, तेही मोठ्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची दाढी झाली. आत्याने गरम पाण्याने गाल भिजवले, फेस घोळवला आणि कानापासून खाली, मग गळ्याशी वर, सावकाश हात चालवला. कुठे ओरखडासुद्धा नाही. आजोबांनी डावा हात दोन्ही गालांवरून फिरवला आणि स्वतः आरसा मागितला. मग रेझरकडे बघितलं. वर सोन्याचं डोकं, खाली तेलकट तपकिरी लाकूड.

"खुं... टी," ते म्हणाले.

"हो भाई, खुंटीच." तेव्हापासून त्या मुठीचं नाव खुंटी पडलं.

पुढचे काही महिने सकाळचा तो वेळ दोघांचा असायचा. आजी म्हणायची, मुलगी मोठी झाल्यावर बापलेकींनी एकमेकांकडे इतक्या जवळून कधी बघितलंच नव्हतं. पावसाळा सरत आला तेव्हा आजोबांच्या डाव्या हाताला सगळ्या कामांची बरीच सवय झाली होती. एके सकाळी त्यांनी आत्याच्या हातातून रेझर काढून घेतला आणि स्वतः गालाला लावायला बघितला. तो त्यांच्या मुठीत गरकन फिरला. आत्याने लवूला जाऊन सांगितलं.

"हात बघितल्याशिवाय नाही होणार," लवू म्हणाला. "रविवारी येतो."

तो आला तो इस्त्रीचा सदरा घालून आणि हातात ताजे बोंबील घेऊन. आजीने बोंबील उलटेपालटे करून बघितले आणि त्याच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. लवूने आजोबांच्या हातात मळलेल्या कणकेचा गोळा दिला आणि दाबायला सांगितलं. बोटांचे ठसे बघता बघता त्याने सहज विषय काढला, शिवाजी पार्कावर परवा केवढी सभा झाली, मुंबई आता महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे.

आजोबा इंग्रजांच्या काळातल्या कचेरीत वाढलेले. त्यांचं मत वेगळं होतं. "मुंबई... स... सग..."

आजी म्हणणार होती, "सगळ्यांची म्हणताहेत ते." पण लवूने हात वर करून तिला थांबवलं आणि तो वाट बघत बसला.

"सगळ्यांची," आजोबांनी पुरं केलं. घामाघूम झाले.

"सगळ्यांची, तर मग आमची पण ना साहेब? गिरणी आम्ही चालवायची, गोदीत माल आम्ही उतरवायचा, आणि राज्य मागितलं की आम्ही परके?"

आजीने डोळे मोठे केले. आजारी माणसाशी वाद! आजोबांचा चेहरा लाल झाला. "बं... बंदर! बंदर कुणी बां... बांधलं?"

"कुणी बांधलं? सांगा तुम्ही. मी थांबतो."

घरातले सगळे आजोबांची वाक्यं पुरी करून द्यायचे आणि वर "बरोबर आहे" म्हणायचे. लवू त्यांचं वाक्य संपेपर्यंत थांबला आणि मग त्याने ते खोडून काढलं. त्या दुपारी आजोबा जेवढं बोलले तेवढं झटका आल्यापासून एकूण बोलले नव्हते. लवू गेल्यावर ते आत्याला म्हणाले, "अड... अडाणी आहे. पुढच्या रविवारी... बोलव."

डाव्या हाताची मूठ तयार झाली ती जाड, एका अंगाने सपाट. अंगठा त्या सपाटीवर ठेवला की पात्याची धार बरोबर समोर येणार. मूठ पुरती आवळल्यावर ती सपाटी ऐन जागी यावी म्हणून लवूने मधे पितळेची चकती घातली आणि ती घासत घासत कागदाएवढी पातळ केली. त्या कामासाठी त्याला बऱ्याचदा यावं लागलं. मूठ झाल्यावरही तो यायचा थांबला नाही. आजोबा आठवडाभर वर्तमानपत्रातून मुद्दे जमवून ठेवत. र आणि ट त्यांना जड जायचे, म्हणून 'राष्ट्र' हा शब्द ते न्हाणीघरात एकटेच घोकत.

एकदा मात्र वाद तुटला. आजोबा म्हणाले, ह्या चळवळीने काय मिळवलं? लवू म्हणाला, "माझ्या शेजारच्या खोलीत वसंत म्हणून होता. जानेवारीत बाहेर गेला, तो आला नाही. त्याची आई अजून संध्याकाळी दार उघडं ठेवते." लवू निघाला तेव्हा आजोबा काठी टेकत, भिंतीला धरत जिन्यापर्यंत त्याला पोचवायला गेले. तोवर ते न्हाणीघरापलीकडे चालले नव्हते.

ट्रामच्या थांब्यापर्यंत आत्या लवूबरोबर जायची. एका रविवारी ती म्हणाली, "तुम्ही येता ते भाईंशी भांडायला, की आणखी कशाला?"

"भांडायलाच."

"आणखी कशाला असेल तर विचारा. ट्राम येईल आता."

ट्राम आली. लवूने ती जाऊ दिली. "खरां सांगू?" तो एकदम मालवणीवर आला. मग सावरून म्हणाला, "विचारलं असतं कधीच. पण पहिली बायको गावी बाळंतपणात वारली. भावाच्या बिऱ्हाडात राहतो. गिरणीतला माणूस. तुमच्या घरी काय म्हणतील?"

"घरचं मी बघते. तुम्ही तुमचं सांगा."

"माझं होय आहे," लवू म्हणाला.

आजोबांनी ऐकलं आणि तोंड फिरवलं. वाद घालणारा माणूस चालत होता, जावई चालत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बोलणं सोडलं आणि दाढीही. आजी मात्र आत्याच्या बाजूने उभी राहिली. "माणूस भला आहे, आणि मासळी ओळखतो," ती म्हणाली. "आपल्या जातीतल्यांनी बोलणी मोडल्यावर हिला पुन्हा कधी विचारलं होतं?" आत्याने आजोबांपुढे रेझर ठेवला. "मी करणार नाही भाई. हात आता तुमचा चालतो," म्हणाली आणि शाळेत गेली. लवूला तिने निरोप दिला, सध्या येऊ नका.

हिवाळा असाच गेला. नातेवाईक रविवारी येत, आजोबांच्या प्रत्येक खुणेला मान डोलावत, चहा पिऊन जात. मग सत्तावन्नच्या निवडणुका झाल्या. मुंबईत संयुक्त महाराष्ट्र समितीचे उमेदवार धडाधड निवडून आले. आजोबांनी वर्तमानपत्र दोनदा वाचलं. एका चुलतभावाला निकालाबद्दल काही सांगायला सुरुवात केली, तर तो पहिल्याच शब्दाला म्हणाला, "बरोबर आहे भाई, अगदी बरोबर."

"काय बरोबर?" आजोबा गरजले. "मी अजून बोललोच नाही!"

चुलतभाऊ चहा न घेता गेला. संध्याकाळी आत्या शाळेतून आली तर आजोबा खिडकीशी बसलेले.

"घाडीला बोलव."

"कशाला?"

"त्याला वाटत असेल, तो जिंकला. नाही जिंकला. मी सांगतो त्याला."

रविवारी लवू यायच्या आधी आजोबांनी डाव्या हाताने स्वतःची दाढी केली. हनुवटीच्या खळीत थोडी राहिली, ती आत्याने बघितली पण बोलली नाही. वाद दुपारभर चालला. लवूने हार मानली नाही, आजोबांनीही नाही. शेवटी आजोबा म्हणाले, "लग्नाच्या दिवशी वाद घालायचा नाही. त्यानंतर दर रविवारी."

आत आजीने पोळपाट खाली ठेवल्याचा आवाज आला.

लग्न नोंदणीने झालं. आमच्या जातीतली काही मंडळी आली नाहीत. आली ती पोटभर जेवून गेली. लवूकाकांची वहिनी आणि आजी पहिल्या अर्ध्या तासातच तिरफळं कुठल्या मासळीच्या कालवणात घालावीत यावर अडल्या आणि नंतर पन्नास वर्षांची ओळख असल्यासारख्या बोलत बसल्या. परळला एका खोलीचं बिऱ्हाड झालं. आत्याने शाळा सोडली नाही. काकांनी पुढे गिरणी सोडून स्वतःचा लेथ घेतला. चाळीतल्या थरथरत्या हातांच्या म्हाताऱ्यांना कुणी जाड मूठ करून द्या म्हटलं तर ते करून द्यायचे, पण आधी कणीक दाबायला लावायचे.

साठ साली महाराष्ट्र झाला. रस्ते दिव्यांनी उजळले होते. आत्या आणि काका पेढे घेऊन ठाकुरद्वारला आले. काका आज जरा छाती काढूनच जिना चढले. आजोबांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश संपवला.

"मिळाली मुंबई," ते म्हणाले. आता त्यांचा एकही शब्द अडत नव्हता. "मग बेळगावचं काय?"

काकांनी पिशवी आत्याच्या हातात दिली आणि खुर्ची ओढून समोर बसले.